लवंगतेल, डासाची अळी आणि मासा

साचलेल्या पाण्यात लवंगतेलाचे चार थेंब टाका, तवंगाखाली डासांच्या अळ्या गुदमरतात, आणि उपाय नैसर्गिक म्हणून अपाय शून्य, असा संदेश अधूनमधून मोबाइलवर येतो. अळ्या मरतात हे खरं. बाकीचं तपासून घ्यावं लागेल.

गुदमरवणं हे रॉकेलचं काम. क्युलेक्स आणि एडिस डासांच्या अळ्या पाण्यात उलट्या लटकतात आणि शेपटाकडची नळी वर काढून हवा घेतात. ॲनॉफिलिसची अळी पृष्ठभागालगत आडवी पडून श्वास घेते. तवंग आला की ही वाट बंद. सुगंधी तेलांचा वार मात्र मुख्यतः मज्जासंस्थेवर असतो, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आपण दचकलो की ॲड्रेनलिन जे करतं, साधारण तेच कीटकांत ऑक्टोपामिन करतं. हृदयाची गती वाढव, स्नायूंना तयार ठेव. काजव्याचा दिवासुद्धा ऑक्टोपामिनच्याच इशाऱ्यावर पेटतो! चेतापेशींवर या रेणूसाठी संग्राहक असतात, म्हणजे कुलपंच म्हणा. लवंगेतल्या युजेनॉलची किल्ली त्यात बसते. मग पेशीत सायक्लिक एएमपी (आत निरोप पोचवणारा रेणू) आणि कॅल्शियमचं गणित बिघडतं आणि इशाऱ्यांचा ताल सुटतो. ओव्यातल्या थायमॉलची चाल वेगळी. ते गॅबा संग्राहकांवर, म्हणजे मज्जासंस्थेच्या ब्रेकवर, पाय दाबून ठेवतं. एकाच तेलात अशी अनेक संयुगं असल्यामुळे अळ्यांना प्रतिकारशक्ती कमावणं अवघड जावं, अशी अपेक्षा आहे. टेमेफॉस हे नेहमीचं अळीनाशक ॲसिटिलकोलिनएस्टरेज या एकाच विकराला अडवतं. त्याला दाद न देणारे डास कधीच तयार झाले आहेत.

आता हिशेब. टेमेफॉस 1 पीपीएमला, म्हणजे लिटरमागे 1 मिलिग्रॅमला, पुरतं. सुगंधी तेलं बहुधा त्याच्या कित्येक दहापट लागतात. 50 पीपीएम धरले तर 1000 लिटरच्या टाकीला 50 ग्रॅम तेल हवं. चार थेंब म्हणजे जेमतेम 200 मिलिग्रॅम, चार लिटरपुरते. शिवाय तेल पाण्यात विरघळत नाही, आणि ज्या गुणामुळे त्याला वास येतो त्याच गुणामुळे ते उडूनही जातं. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तेल एक-दोन दिवसांत निष्प्रभ झालं तर मागून आलेल्या अंड्यांना रान मोकळं. म्हणून संशोधक ते सूक्ष्म कुप्यांत कोंडून हळूहळू सोडण्याच्या मागे आहेत.

राहिलं ‘अपाय शून्य’. वनस्पतींनी ही तेलं आपल्या नाकासाठी नाही बनवली. कीटकांना आणि बुरशीला दूर ठेवणारी ती विषं आहेत. ऑक्टोपामिनचं महत्त्व कण्याच्या प्राण्यांत नगण्य, म्हणून आपण त्या वारातून सुटतो. पण युजेनॉलला दुसरी कुलपंही उघडता येतात. मत्स्यशास्त्रज्ञ माशांना भूल द्यायला लवंगतेलच वापरतात, लिटरला साधारण 25 ते 100 मिलिग्रॅम. म्हणजे जवळपास अळ्या मारणारीच मात्रा. तेव्हा अळ्या खायला पाण्यात गप्पी मासे सोडले असतील, तर तेलाची बाटली बंदच ठेवावी.