जंबो कोळंबीच्या पाण्याची गोष्ट

जंबो कोळंबी, शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी, वाढते नदी-तळ्याच्या गोड्या पाण्यात. दक्षिण आणि आग्नेय आशियात लोक नदीतली पिल्लं धरून तळ्यात सोडत आणि मोठी करत. शेती त्यापुढे सरकत नव्हती, कारण टाकीत अंडी फुटली तरी पिल्लं चार-पाच दिवसांत मरत.

कोडं सुटलं ते मलेशियात. पेनांग बेटावरच्या ग्लुगोर इथे एफएओचे (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे) शास्त्रज्ञ शाओ-वेन लिंग यांना १९६१ च्या सुमारास कळलं की या पिल्लांना मीठ लागतं. नाना पदार्थ पाण्यात घालून थकलेल्या लिंग यांनी शेवटी जेवणातला सोया सॉस ओतला आणि पिल्लं तगली, असा किस्सा सांगतात. खरा असो-नसो, निसर्गाशी तो जुळतो: मादी अंडी घेऊन खाडीकडे उतरते, पिल्लं निमखाऱ्या पाण्यात अकरा अवस्था पार करतात आणि मगच नदीत वर चढतात. आजही हॅचरीत, म्हणजे अंड्यांतून पिल्लं काढून वाढवतात तिथे, साधारण १२ पीपीटी (हजार भाग पाण्यात १२ भाग क्षार) क्षारता ठेवतात, म्हणजे एक भाग समुद्राचं पाणी आणि दोन भाग गोडं. थायलंडच्या आतल्या भागातल्या हॅचऱ्या तर मिठागरातलं दाट खारं पाणी टँकरने आणून पातळ करत.

मीठ सापडलं, पण पिल्लं हजारोंनी वाढवायची तर विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून टाकीत साचणाऱ्या विषारी अमोनियाचं काय? हवाईत ताकुजी फुजिमुरा यांनी १९६५ मध्ये मलेशियातून कोळंबी नेली आणि ‘हिरव्या पाण्या’ची पद्धत बसवली. टाकीत सूक्ष्म शेवाळ वाढवायचं, ते अमोनिया शोषून घेतं. पद्धत स्वस्त, पण लहरी: शेवाळ माजलं की दुपारी पीएच (पाण्याच्या आम्ल-अल्कलीपणाचं माप) चढतो आणि चढलेल्या पीएचला तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. म्हणून पुढे बऱ्याच हॅचऱ्या स्वच्छ पाण्याकडे आणि जैवगाळणीकडे, म्हणजे जिवाणूंकरवी अमोनिया काढणाऱ्या गाळणीकडे, वळल्या. तळ्यात शेवाळाची हीच खोड पहाटे दिसते. रात्रभर ते प्राणवायू खातं आणि सूर्योदयापूर्वी कोळंबी काठाला येऊन बसते. पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, एरेटर, रात्री लागतो, त्याचं कारण हे.

भारतात या शेतीला जोर आला तो खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीच्या संकटामुळे. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने वाघ्या कोळंबीची तळी रिकामी केली, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनारी कोळंबीशेतीवर बंधनं आणली. आंध्रातले, विशेषतः नेल्लोरचे शेतकरी ‘स्कॅम्पी’कडे, म्हणजे याच जंबो कोळंबीकडे, वळले. उत्पादन २००५-०६ च्या सुमारास शिगेला पोहोचलं आणि मग घसरलं. घसरणीला शेपूट पांढरी पडणारा विषाणूजन्य रोग, एकाच रक्ताच्या जनावरांपासून घेतलेलं कमकुवत बीज (तळ्यात सोडायची पिल्लं) आणि २००९ नंतर आलेली वनामी ही दुसरी कोळंबी, अशी तिन्ही कारणं होती. बीज खराब असलं तरी ठपका पाण्यावर ठेवायची सवय मात्र तेव्हापासूनची. माझ्या मते ती अर्धी चूक आहे. अर्धी एवढ्यासाठी, की पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, खरोखर बाधतो आणि तो आधी कुणी मोजत नाही.

कात टाकायला कॅल्शियम हवंच, पण अतिजड पाण्यात वाढ खुंटते आणि कवचावर पुटं चढतात. हवाईतल्या अभ्यासांनी हे १९७० च्या दशकातच दाखवलं होतं. दख्खनच्या काळ्या कातळातलं बोअरचं पाणी पुष्कळदा जड असतं. शेततळ्यात कोळंबी सोडायचा विचार करणाऱ्यांनी पीएचच्या पट्टीवर न थांबता कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तपासून घ्यावं. उलट टोकाचं उदाहरण हरियाणात आहे. रोहतकजवळ लाहली इथे मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचं केंद्र आहे. तिथलं भूजल खारं, म्हणजे हॅचरीला आयतंच वाटावं. पण समुद्राच्या मानाने त्यात पोटॅशियम फार कमी. ते वरून घालून पाणी दुरुस्त केलं, तेव्हाच समुद्रापासून इतक्या लांब कोळंबी जगवणं जमलं.