जुनी अमेरिकन तलवार-संगीन: घेण्याआधी काय पाहावं

संगीन हातात आली की बरेच ग्राहक ती आधी घासूनपुसून लख्ख करतात. कृपया तसं करू नका. तिची ओळख पटते ती पात्यावरच्या आणि मुठीवरच्या बारीक ठशांवरून, किंमतही त्यांच्यावरच ठरते आणि पॉलिशने सगळ्यात आधी जातात ते हेच ठसे. ठसे वाचता आले, तर विकणाऱ्याने सांगितलेल्या गोष्टीवर विसंबून राहावं लागत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी हे पत्रक त्याच हेतूने काढलं आहे.

साधारण 12 इंचांपेक्षा लांब पातं आणि तलवारीसारखी मूठ असेल, तर संग्राहक तिला तलवार-संगीन म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला साध्या पायदळाच्या रायफल-मस्केटची नळी 40 इंचांची होती. तिच्यावर नळकांड्यासारखी बसणारी तिधारी, टोचायची संगीन पुरेशी होती. 1855 च्या आखूड रायफलची नळी मात्र 33 इंचच होती. अंगावर येणाऱ्या घोडेस्वाराला लांबूनच रोखायचं, तर कमी पडलेली लांबी पात्याने भरून काढायला हवी. म्हणून पितळी मूठ आणि जवळपास 22 इंचांचं पातं आलं. या पात्याला दुहेरी बाक असतो. बंदूक तोंडाकडून ठासताना हात पात्याला लागू नये, हे त्याचं कारण.

1861 ते 1865 च्या यादवी युद्धातल्या अमेरिकन तलवार-संगिनींवर दोन नावं वारंवार दिसतात: मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपीची अ‍ॅम्स आणि कनेक्टिकटची कॉलिन्स. कॉलिन्सच्या ठशात हार्टफर्डचं नाव येतं. मुठीलगतचा बिनधारेचा भाग आडव्या प्रकाशात धरा आणि भिंगातून पाहा. खऱ्या ठशाच्या कडा आत दबलेल्या आणि स्वच्छ असतात. तपासनिसाची आद्याक्षरं पितळेवर लहान, पण नेटकी उमटलेली असतात. नकलेत अक्षरं पसरट आणि उथळ दिसतात, पात्यावर पट्ट्याच्या यंत्राचे सरळ ओरखडे असतात आणि गंजाचे खड्डे सगळीकडे सारखेच, कारण ते आम्लाने पाडलेले असतात. खरा गंज कधी असा एकसारखा चढत नाही. युद्धप्रसंग उभे करणाऱ्या हौशी मंडळींसाठी भारतातही अशा नकला बनतात. त्यांच्या कामात त्या चांगल्याच आहेत, पण त्यांना जुन्याचा भाव देऊ नका.

दक्षिणेच्या सैन्याची म्हणून ‘सीएस’ (कॉन्फेडरेट स्टेट्स, म्हणजे फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं) असा ठसा मारलेली वस्तू समोर आली, तर लगेच व्यवहार करू नका. साध्या वस्तूची किंमत चढवायला हा ठसा मागाहून मारणं फार सोपं आहे.

रेमिंग्टनच्या झुआव्ह रायफलची संगीन मात्र या नियमांना थोडी अपवाद आहे. त्या रायफली सैन्याच्या हाती जवळपास गेल्याच नाहीत, कोठारातच राहिल्या. त्यामुळे दीडशेहून अधिक वर्षांची झुआव्ह संगीन नव्यासारखी दिसली, तर तेवढ्यावरून तिला खोटी ठरवू नका. पण नकलाही याच नमुन्याच्या भरपूर निघाल्या आहेत, तेव्हा इथे ठसे दुप्पट बारकाईने पाहा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती फ्रेंच शास्पो संगिनीने. पितळी मूठ, बाकदार पातं, आडव्या पट्टीचं खाली वळलेलं टोक अशी ती असते. ‘यादवी युद्धातली’ म्हणून ती जुन्या बाजारात सर्रास विकली जाते. पातं आडवं धरून त्याची पाठ वाचा. तिथे वळणदार हस्ताक्षरात फ्रेंच शस्त्रशाळेचं नाव, महिना आणि साल कोरलेलं असतं. नमुनाच 1866 चा, आणि यादवी युद्ध संपलं 1865 च्या वसंतात! संगीन म्हणून ती सुंदर आहे आणि स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्या, पण फ्रेंच म्हणूनच.

आमची स्वतःची आवड विचाराल तर अमेरिकन नौदलाची 1870 ची संगीन. हीसुद्धा अ‍ॅम्सचीच. पातं सरळ, सुमारे 20 इंचांचं, आणि भरीव पितळी मुठीवर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. ती नक्षी वापराने कुठे झिजली आहे ते बोटाने चाचपून बघा. तळव्याखाली येणारे खवले गुळगुळीत आणि कडेचे अजून उठावदार असतील, तर झीज खरी आहे.

विसाव्या शतकातल्या संगिनी सहज मिळतात आणि नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी, असं आमचं मत आहे. 1903 च्या स्प्रिंगफील्ड रायफलला आधी नळीखालून सरकणारी सळईसारखी संगीन होती. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना ती अगदीच कुचकामी वाटली आणि जानेवारी 1905 मध्ये त्यांनी युद्धमंत्र्यांना तसं लिहून कळवलं. त्यानंतर 16 इंचांच्या पात्याची 1905 ची संगीन आली. तिच्या पात्यावर एका बाजूला एसए (स्प्रिंगफील्ड शस्त्रशाळा) किंवा आरआयए (रॉक आयलंड शस्त्रशाळा), ज्वाला निघणारा बॉम्ब आणि साल, तर दुसऱ्या बाजूला यूएस आणि अनुक्रमांक असतो. दुसऱ्या महायुद्धात यातल्या पुष्कळ संगिनी कापून 10 इंचांच्या केल्या गेल्या. कापलेली ओळखायची खूण अशी की पात्यावरची पन्हळ थेट टोकापर्यंत जाते. मुळातच 10 इंची बनवलेल्या संगिनीत ती टोकाआधी थांबते.

1917 ची संगीन 17 इंचांची. मूळ नमुना ब्रिटिश, आणि पहिल्या महायुद्धात ती बनवली रेमिंग्टन व विंचेस्टर यांनी. काही पात्यांवर ‘1913’ दिसतं. ते बनवल्याचं साल नाही, ब्रिटिश नमुन्याचं आहे. बनवल्याचा महिना आणि साल त्याखाली लहान आकड्यांत असतं. लाकडी मुठीवर दोन आडव्या खोल खाचा हव्यातच. ब्रिटिश ली-एनफील्ड रायफलची 1907 ची संगीन दिसायला अगदी अशीच असते, पण ती 1917 च्या अमेरिकन रायफलवर बसत नाही. अंधारातही हाताला फरक कळावा म्हणून या खाचा पाडल्या होत्या. खाचा नसलेली आणि आरएफआय ठशाची संगीन कुणी अमेरिकन म्हणून दाखवली, तर ती आपल्या इशापूरच्या रायफल कारखान्यातली आहे. प्लॅस्टिकच्या मुठीची 1917 दिसली तर ती 1960 च्या दशकातली. बनावट नव्हे, पण पहिल्या महायुद्धातलीही नव्हे.

घरी आणल्यावर पात्याला पातळ तेलाचा हलका हात द्या आणि मऊ कापडाने पुसा. पितळेवर चढलेली काळपट-तपकिरी झाक तशीच राहू द्या. संगीन चामड्याच्या म्यानात कायमची ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पातं आतून गंजतं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. मूळ म्यान सोबत असेल तर किंमत बरीच वाढते, म्हणून ते फाटलं तरी टाकू नका.

भारतात भेट म्हणून नेण्याचा विचार असेल, तर आधी हे वाचा. शस्त्र नियम, 2016 च्या यादीत धारदार शस्त्रांमध्ये संगिनीचं नाव स्पष्ट आहे आणि शस्त्रं आयात करायला परवाना लागतो. परवान्याशिवाय ती सामानात घालू नका. अमेरिकेतल्या अमेरिकेत विमानाने नेताना ती चेक-इन सामानातच, नीट गुंडाळून ठेवा.

अस्सल नमुने एकत्र पाहायचे असतील तर मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जा. तिथली सरकारी शस्त्रशाळा 1968 साली बंद झाली, आता तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आणि संग्रहालय आहे.

आमच्याकडून मत हवं असेल तर पाच फोटो पाठवा: पूर्ण लांबी, मुठीलगतच्या पात्याच्या दोन्ही बाजू, पात्याची पाठ आणि नळीवर बसणारं कडं. शेजारी पट्टी ठेवा, फ्लॅश वापरू नका आणि फोटो काढण्याआधी काहीही पुसू नका.