मोरीतून नदीपर्यंत: इंद्रायणीच्या फेसामागची पार्श्वभूमी

आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगू लागला की पहिलं बोट कारखान्यांकडे जातं. त्यांचा वाटा आहेच. पण पिंपरी-चिंचवडमधून आणि काठच्या गावांतून नदीत येणाऱ्या घरगुती सांडपाण्यातही फेस धरणारी द्रव्यं असतात. ती आपल्या शांपूची, बॉडी वॉशची, कपडे-भांड्यांच्या पावडरींची असतात.

साबण येण्याआधी अंगाला डाळीचं पीठ, केसांना शिकेकाई-रिठा आणि दिवाळीला उटणं असे. रिठ्यातलं सॅपोनिनही फेसाळतं, आणि माशांना ते चक्क विषारी असतं. तेव्हा जुनं ते सगळं निर्धोक, असं म्हणता येणार नाही. मात्र वापर बेताचा होता आणि मोरीचं पाणी परसातल्या अळूला, केळीला जायचं. उरलेलं काम मातीतले जिवाणू करायचे.

१८८८ साली लिव्हर ब्रदर्सचा सनलाइट साबण कोलकात्याच्या बंदरात उतरला, १८९५ मध्ये लाइफबॉय आला. अर्देशीर गोदरेज यांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण केला. १९३४ मध्ये शिवडीला लिव्हरचा कारखाना सुरू झाला, आणि १९४१ साली अभिनेत्री लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या. तरीही वडी म्हणजे मुळात तेल आणि अल्कली. जड पाण्यात तिचा साका बसतो आणि जिवाणू तो सहज पचवतात.

खरं वळण आलं ते कृत्रिम प्रक्षालकांमुळे, म्हणजे डिटर्जंटमुळे. अमेरिकेत १९३० च्या दशकात असा पहिला शांपू निघाला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कपड्यांच्या पावडरींनी युरोप-अमेरिकेतली घरं व्यापली. त्या पावडरींतल्या मुख्य द्रव्याच्या रेणूची साखळी फांद्याफांद्यांची होती, जिवाणूंना ती तोडता येईना. जर्मनीत नद्यांवर आणि बंधाऱ्यांवर फेसाचे डोंगर साचू लागले. १९६१ मध्ये तिथे कायदा झाला, १९६४ पासून तो लागू झाला आणि उत्पादकांना सरळ साखळीच्या रेणूंकडे वळावं लागलं.

आज आपल्या पावडरींत आणि शांपूत बहुतेक हेच सरळ साखळीचे रेणू असतात. मग फेस का येतो? मला वाटतं, आपल्याकडे सर्वांत कमी बोललं जातं ते इथेच. हे रेणू विघटनशील आहेत, पण त्यासाठी जिवाणूंना वेळ आणि प्राणवायू लागतो. पावडरीतला मुख्य रेणू तर प्राणवायूविना जवळजवळ तुटतच नाही. मैलापाण्याने आधीच गुदमरलेल्या नाल्यात तो तसाच पुढे वाहतो आणि बंधाऱ्यावरून पाणी कोसळलं की हवा धरून फुगतो. घरातली बाटली बदलली, तिच्यामागचं गटार मात्र त्या वेगाने बदललं नाही.

१९८० च्या दशकात तमिळनाडूतून शांपूच्या पुड्या निघाल्या आणि टपरीटपरीवर लटकू लागल्या. गरिबाला परवडणारी स्वच्छता मिळाली, हे मोलाचंच. पण अनेक थरांची ती पुडी भंगारवालाही घेत नाही. फेसवॉशमधल्या प्लॅस्टिकच्या बारीक मण्यांवर अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा केला. भारतीय मानक ब्युरोनेही २०१७ मध्ये ते असुरक्षित ठरवले आणि २०२० पासून सौंदर्यप्रसाधनांतून ते वर्ज्य झाले. हा नियम चांगलाच आहे, पण नदीवरच्या फेसाशी त्याचा संबंध नाही.

त्या बाबतीत मला नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी जास्त महत्त्वाचं वाटतं. डास हटवायला या गावाने घरोघरी शोषखड्डे खोदले आणि उघडी गटारं बंद केली. सांडपाणी पुन्हा मातीत मुरू लागलं. फक्त खड्डा विहिरीपासून आणि हातपंपापासून लांब हवा. पिंपरी-चिंचवडसारख्या दाट वस्तीत खड्ड्यांना जागा नाही. तिथे प्रत्येक नाला शुद्धीकरण केंद्राला जोडणं आणि ते केंद्र रोज पूर्ण क्षमतेने चालवणं, एवढाच मार्ग उरतो.