थर्मोस्टॅट काढला की गाडी तापत नाही?

‘जुनी गाडी तापते? थर्मोस्टॅट काढून टाका, कटकट मिटली.’ हा सल्ला पटतो, कारण बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट काढला की तापमानाचा काटा खरंच खाली येतो. पण थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनच्या पाण्याच्या वाटेतली झडप, आणि तिचं काम वेगळं आहे. इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून तो रेडिएटरकडे, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या जाळीकडे, जाणारं पाणी अडवतो आणि बहुतेक गाड्यांत साधारण ८२ ते ९५ अंश सेल्सियसच्या दरम्यान उघडू लागतो. तो नसेल तर इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त जातं.

तपासायचं कसं? थर्मोस्टॅट दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगा, पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास झडप उघडू लागली, तर दोष दुसरीकडे आहे. सिग्नलला तापत असेल तर आधी फॅन बघा, हायवेवर तापत असेल तर तुंबलेला रेडिएटर. आणि कृपा करून गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका.