मोझार्टचे मेसनिक संगीत

फ्रीमेसन या गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुसंघटनेच्या लॉजमधील (स्थानिक शाखेतील) विधींसाठी किंवा तिच्या कल्पनांवर संगीतकार व्होल्फगांग आमाडेउस मोझार्टने रचलेले संगीत. १४ डिसेंबर १७८४ रोजी व्हिएन्नातील एका लॉजमध्ये त्याला दीक्षा मिळाली. पुढच्या एप्रिलमध्ये वडील लिओपोल्डही दाखल झाले. संगीतकार हायडनची दीक्षा ११ फेब्रुवारी १७८५ ची. तो मात्र सभासदत्वाच्या पहिल्या पायरीवरच राहिला.

या संगीताचा घाट ठरला तो आधी लॉजच्या गरजांमुळे. सभासद फक्त पुरुष, म्हणून वृंदगानात दोन टेनर (पुरुषांचा उंच आवाज) व एक बास (खालचा आवाज) एवढेच आवाज, ‘डी माउररफ्रॉइडे’ (‘मेसनांचा आनंद’; के. ४७१, म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या क्योखेल सूचीतील क्रमांक) या कँटाटात (वाद्यवृंदासह गायची रचना) सोप्रानो-आल्टो हे वरचे आवाज नाहीतच. सुषिर (फुंकून वाजवायच्या) वाद्यांवर भर असे. बॅसेट हॉर्न हा क्लॅरिनेटचा खर्जातला भाऊबंद इथे मनापासून वापरलेला दिसतो.

सर्वांत गहिरी रचना ‘माउररिशे ट्राउअरम्युझिक’ (‘मेसनिक शोकसंगीत’, के. ४७७). दोन दिवंगत सभासदांच्या शोकसभेसाठी ती नोव्हेंबर १७८५ मध्ये वाजली. लांबी अवघी ६९ मात्राखंड (बार). सी मायनर या उदास स्वरपट्टीत वाद्ये सुस्कारे टाकत सुरू होतात. मग ओबो व क्लॅरिनेट एक जुनी ग्रेगोरियन (चर्चच्या प्राचीन गायनातली) धून संथपणे वाजवतात आणि भोवती तंतुवाद्यांची घालमेल चालू राहते. शेवटचा स्वरमेळ (कॉर्ड) मात्र उजळ सी मेजर, मंद आवाजात. तो मोठ्याने वाजवला की सांत्वनाचा विजयघोष होतो आणि रचना बिघडते.

‘डी त्साउबरफ्लोटे’ (‘जादूची बासरी’, पहिला प्रयोग ३० सप्टेंबर १७९१) या ऑपेराच्या ओव्हर्चरचे (सुरुवातीच्या वाद्यसंगीताचे) पहिले तीन स्वरमेळ दीक्षाविधीतील तीन ठोक्यांशी जोडले जातात. मात्र दुसऱ्या व तिसऱ्या स्वरमेळाआधी एकेक ऱ्हस्व स्वर येत असल्याने कानाला आघात पाच पडतात. ओव्हर्चरच्या मध्यावर केवळ सुषिर वाद्ये बी फ्लॅट मेजरमध्ये ‘तीन वेळा तीन’ स्वरमेळ वाजवतात. दुसऱ्या अंकात पुरोहितांच्या सभेत तेच परततात. ऑपेराची मूळ स्वरपट्टी ई फ्लॅट मेजर, म्हणजे तीन फ्लॅट (कोमल स्वरांची चिन्हे). तीन स्त्रिया, तीन बालके, तीन मंदिरे यांच्याशी ते जुळते. परंतु ई फ्लॅट दिसला की मेसनिक खूण, असे समजणे चूक. या पट्टीत मोझार्टने दीक्षेपूर्वीही भरपूर लिहिले. स्वरपट्टी, वाद्ये, शब्द आणि प्रसंग एकत्र आले तरच तो अर्थ लावावा.

सम्राट योसेफ दुसरा याच्या डिसेंबर १७८५ च्या हुकुमाने व्हिएन्नातील अनेक लॉज मोजक्याच लॉजमध्ये एकवटले गेले. मोझार्टने सभासदत्व सोडले नाही. त्याने स्वतःच्या रचनांच्या वहीत नोंदवलेली शेवटची पूर्ण कृती लॉजच्या नव्या सभागृहासाठीचा कँटाटा (के. ६२३) आहे: नोंद १५ नोव्हेंबर १७९१ ची, मृत्यू ५ डिसेंबरचा.