चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचं मूळ रेकॉर्डिंग आणि नंतरचं री-रेकॉर्डिंग

सिनेमा तयार होत असताना त्या चित्रासाठी जे पार्श्वसंगीत वाजवलं आणि रेकॉर्ड केलं जातं ते मूळ रेकॉर्डिंग. तेच नोटेशन, म्हणजे लिहून ठेवलेली स्वरलिपी, पुढे कधीतरी, काही महिन्यांनी किंवा अगदी पन्नास वर्षांनी, खास रेकॉर्ड किंवा सीडीसाठी परत वाजवून घेतलं की ते री-रेकॉर्डिंग. दोन्हीत सूर तेच, वाद्यंही बहुतेक तीच, पण ऐकताना फरक इतका जाणवतो की हॉलिवूडचं संगीत जमवणारे लोक कित्येक वर्षं यावर भांडत आलेत, आणि ते भांडण उगाच नाहीये.

मूळ रेकॉर्डिंग कसं होतं ते आधी बघू. ऑर्केस्ट्राच्या समोर पडद्यावर सीन चालू असतो, कंडक्टरच्या, म्हणजे हातात काठी घेऊन ऑर्केस्ट्राला चालवणाऱ्या माणसाच्या, कानात हेडफोनमधून ठरलेल्या लयीची टकटक चालू असते, आणि जुन्या पद्धतीत फिल्मवर आधीच ओरखडा मारून ठेवलेला असायचा, तो पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकणारी उभी रेघ म्हणून दिसायचा आणि रेघ टोकाला पोचली की फिल्मला पाडलेल्या भोकामुळे पांढरा झपकारा व्हायचा, तो झाला की सूर तिथेच पडायला हवा, अर्धा सेकंदही इकडेतिकडे चालत नाही. हे काम मोठ्यामोठ्यांना झेपत नाही. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'च्या (१९६२) श्रेयनामावलीत कंडक्टर म्हणून सर एड्रियन बोल्ट यांचं नाव आहे, पण या सेकंदाच्या हिशोबाशी त्यांचं जुळेना म्हणून शेवटी संगीतकार मॉरिस जार यांनाच काठी हातात घ्यावी लागली.

री-रेकॉर्डिंगमध्ये चित्र नसतं. कंडक्टर मोकळा, हॉल मोठा, वादक जास्त, माइक उत्तम. त्यामुळे आवाज भरदार येतो, चाल मात्र बऱ्याचदा सैल पडते.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे हिचकॉकचा 'सायको' (१९६०). बर्नार्ड हरमन यांनी त्यात फक्त तंतुवाद्यं घेतली, व्हायोलिनपासून डबल बासपर्यंत, ना पितळी वाद्यं ना ढोल. त्यातही जवळजवळ सगळीकडे वाद्यांना म्यूट, म्हणजे आवाज दाबणारी छोटी चिमटी, लावलेला, त्यामुळे आवाज दबलेला आणि कोरडा, आणि तो म्यूट निघतो फक्त न्हाणीघरातल्या खुनाच्या वेळी, म्हणून ती किंचाळी अंगावर येते. मुळात हिचकॉकला त्या सीनला संगीतच नको होतं, हरमननी तरीही लिहिलं, आणि ऐकल्यावर हिचकॉकनी मत बदललं. सिनेमा आला तेव्हा या संगीताची रेकॉर्ड काही निघाली नाही. १९७५ साली, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, हरमननी स्वतः लंडनमध्ये नॅशनल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राकडून ते परत वाजवून घेतलं. लिहिणारा तोच, काठी त्याच्याच हातात, तरी लय इतकी संथ की सुरुवातीच्या संगीतातली ती पाठलाग झाल्यासारखी घाई जवळपास नाहीशी होते. पुढे १९९७ मध्ये जोएल मॅकनीली यांनी रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्रासोबत ते पुन्हा केलं, सिनेमातल्या लयीच्या जास्त जवळ जाऊन. माझ्या मते संगीतकार स्वतः उभा आहे एवढ्यावरून एखादं री-रेकॉर्डिंग प्रमाण मानायचं नाही हे हरमनच्या या रेकॉर्डवरून पटतं, कारण पंधरा वर्षांनी तो माणूस त्या संगीताकडे मैफलीतली रचना म्हणून बघत होता, सीनचं बंधन त्याच्यावर उरलं नव्हतं.

मग री-रेकॉर्डिंग करतातच कशाला? एक कारण पैसा. अमेरिकेत वादकांच्या युनियनचा नियम असा की सिनेमासाठी वाजवलेलं रेकॉर्डवर वापरायचं तर वादकांना पुन्हा मोबदला द्यायचा, त्यामुळे युरोपात जाऊन नव्याने वाजवून घेणं परवडायचं. मिक्लोश रोझा यांच्या 'बेन-हर'ची १९५९ ची एलपी (मोठी तबकडी) अशीच कार्लो सावीना यांनी रोममध्ये रेकॉर्ड केलेली, सिनेमात वाजतो तो ऑर्केस्ट्रा तिच्यात नाहीच. दुसरं कारण, संगीतकाराला वाटतं की रेकॉर्ड घरी ऐकताना छान वाटली पाहिजे. जॉन विल्यम्सनी 'जॉज'ची (१९७५) एलपी वेगळी वाजवून घेतली, तुकडे जोडून, शेवट गोल करून, आणि सिनेमातले खरे ट्रॅक लोकांच्या हातात यायला २००० साल उजाडलं.

तिसरं कारण जास्त दुःखद आहे. स्टुडिओंनी स्वतःच्याच वस्तू फेकून दिल्या. एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओने १९६९ च्या सुमारास आपल्या संगीत ग्रंथालयातले पूर्ण ऑर्केस्ट्राच्या नोटेशनचे कागद भरावात टाकले, अक्षरशः कचऱ्यात. जॉन विल्सन या इंग्लिश कंडक्टरने पुढे उरलेल्या संक्षिप्त प्रतींवरून आणि सिनेमाचा ट्रॅक कानांनी पुन्हा पुन्हा ऐकून एकेका वाद्याचं नोटेशन परत लिहून काढलं, तेव्हा कुठे २००९ मध्ये लंडनच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवात ते संगीत वाजलं. १९३० च्या दशकातल्या सिनेमांची तर मूळ रेकॉर्डिंग उरली असली तरी ऑप्टिकल ट्रॅकवर, म्हणजे फिल्मवरच छापलेल्या आवाजाच्या पट्टीवर, खरखरीत आणि बऱ्याचदा वर संवाद आणि इफेक्ट चढलेले. अशा वेळी री-रेकॉर्डिंगला नावं ठेवणं मला पटत नाही. १९७२ पासून कंडक्टर चार्ल्स गेरहार्ट यांनी आरसीए या रेकॉर्ड कंपनीसाठी लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये कॉर्नगोल्ड, स्टायनर वगैरे जुन्या हॉलिवूड संगीतकारांचं संगीत रेकॉर्ड केलं, त्या मालिकेमुळे एका अख्ख्या पिढीला कळलं की हे संगीत नुसतं ऐकायलाही थोर आहे. त्या हॉलखालून मेट्रो जायची आणि तिची घरघर तिथल्या रेकॉर्डिंगमध्ये कधीकधी ऐकू येते, ते ठीकच आहे.

उलटा प्रकार अ‍ॅलेक्स नॉर्थ यांचा. '२००१: अ स्पेस ओडिसी'साठी त्यांनी लिहिलेलं आणि १९६८ च्या सुरुवातीला रेकॉर्ड झालेलं संगीत कुब्रिकने वापरलंच नाही. नॉर्थ १९९१ मध्ये गेले, १९९३ मध्ये त्यांचे मित्र जेरी गोल्डस्मिथ यांनी ते लंडनच्या ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं, आणि मूळ टेप बाहेर आल्या थेट २००७ मध्ये. म्हणजे लोकांनी चौदा वर्षं फक्त री-रेकॉर्डिंग ऐकलं होतं, आणि मूळ मोनो (एकाच ध्वनिमार्गाच्या) टेप ऐकल्यावर तुलना करता आली. गोल्डस्मिथचा आवाज खुला आणि स्वच्छ आहे, मूळमध्ये धार आहे. दोन्ही ऐकावीत, पण आधी मूळ.

आपल्याकडचं एक उदाहरण इथे लागू होतं. 'मुगल-ए-आझम' २००४ मध्ये रंगीत होऊन आला तेव्हा लता मंगेशकरांसकट मूळ गायकांचे आवाज तसेच ठेवले आणि वाद्यमेळ मात्र नव्याने वाजवून घेतला, नौशाद हयात होते आणि उत्तम सिंग यांनी काम सांभाळलं. १९६० च्या मोनो ट्रॅकला नव्या थिएटरच्या स्पीकरवर आणायचं तर दुसरा मार्ग अवघड होता हे खरं, तरीही १९६० चं गाणं लावून ऐकलं की वाद्यं आणि गळा एकाच खोलीत, एकाच श्वासात असल्याचं जे जाणवतं ते नव्यात नाही.

विकत घेताना एवढं बघायचं की कव्हरवर 'ओरिजिनल साउंडट्रॅक' छापलेलं असलं तरी त्यावर भरवसा ठेवायचा नाही, ऑर्केस्ट्राचं नाव, शहर आणि रेकॉर्डिंगचं साल वाचायचं. सिनेमा हॉलिवूडचा आणि ऑर्केस्ट्रा प्राग, मॉस्को किंवा ग्लासगोचा असेल तर बहुतेक वेळा ते री-रेकॉर्डिंगच असतं.