पत्ता एक, पाट्या अनेक

बेळगावचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी 'बेळगावी' झालं, पण गिऱ्हाईक अजून दोन्ही नावं टाइप करतं. म्हणून खडे बाजारातल्या कुंदावाल्याने दोन्ही स्पेलिंगची डोमेन, म्हणजे साइटची नावं, घेऊन ठेवलेली बरी. त्याची साइट ज्या सर्व्हरवर, म्हणजे साइट पुरवणाऱ्या संगणकावर, आहे त्याच सर्व्हरवर शहापूरच्या साडीवाल्याची साइट असेल, खानापूरच्या कुंभाराचीही असेल. या सगळ्यांना वेगवेगळे सर्व्हर लागत नाहीत.

डीएनएस ही इंटरनेटची नावांची वही. तिचं काम डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता, म्हणजे एक आकडा, सांगण्याचं. प्रत्येक डोमेनच्या 'ए' रेकॉर्डमध्ये, म्हणजे त्या वहीतल्या पत्त्याच्या नोंदीत, तोच आकडा, समजा २०३.०.११३.२५, लिहिला की झालं. एका आकड्याकडे हजार नावांनी बोट दाखवलं तरी डीएनएसची हरकत नसते. ही काटकसर गरजेचीही आहे. असे आकडी पत्ते, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते, जेमतेम ४२९ कोटी आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गट फेब्रुवारी २०११मध्येच वाटून संपले.

पण मग साडी मागणाऱ्याला कुंदा का दिसत नाही? अनेक बिऱ्हाडं असलेल्या वाड्यात पोस्टमन दारातून नाव पुकारतो, तसंच ब्राउझर करतो. सर्व्हरपर्यंत पोचल्यावर तो 'होस्ट' या ओळीत डोमेनचं नाव पुन्हा सांगतो. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीच्या १९९७च्या १.१ आवृत्तीपासून ही ओळ सक्तीची आहे. कुलूपवाल्या एचटीटीपीएसमध्ये मात्र सर्व्हरला त्या नावाचं ओळखीचं प्रमाणपत्र आधी दाखवावं लागतं, होस्टची ओळ नंतर येते. म्हणून जोडणी सुरू होतानाच नाव सांगायची सोय २००३मध्ये आली. तिला एसएनआय म्हणतात.

त्यामुळे साडीच्या नावावर कुंदा उघडला, तर आधी डीएनएस उकरत बसू नका. पत्ता बरोबर आहे. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ते नाव नोंदवलेलं नाही, म्हणून त्याने आपली ठरलेली पहिली साइट पुढे केली.

दुसऱ्या स्पेलिंगसाठी 'सीनेम' वापरायचा मोह होतो: 'हे नाव म्हणजे ते नाव' असं सांगणारा रेकॉर्ड. तिन्ही डब्ल्यूंच्या नावाला तो चालतो. नुसत्या मूळ डोमेनला चालत नाही, कारण तिथे डोमेनच्या कारभाराचे एनएस आणि एसओए हे रेकॉर्ड असावेच लागतात आणि सीनेमला शेजारी चालत नाही. तिथे सरळ 'ए' लिहावा.

सर्व्हर बदलायचा असेल तर टीटीएल, म्हणजे उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं तो आकडा, आदल्या दिवशीच ३०० करावा. ८६४०० राहिला तर काहींना दिवसभर जुनीच साइट दिसेल. ईमेलच्या एमएक्स रेकॉर्डला उगाच हात लावू नये.

आणि एवढं करूनही काही फोनवर नवी साइट, काहींवर जुनी दिसत असेल, तर 'ए'चा भाऊबंद 'चार ए' तपासा. आयपीव्ही६चा पत्ता त्यात असतो आणि भारतातली बरीच मोबाइल नेटवर्कं आधी तोच वापरतात. 'ए' बदलला आणि हा जुनाच राहिला, की दुकानातल्या वायफायवर सगळं ठीक दिसतं आणि निपाणीच्या गिऱ्हाइकाचा फोन येतो, "अहो, तुमचे दर गेल्या वर्षीचेच आहेत की!"